प्लेन एमआरआय आणि कॅन्सरची चाहूल

१. एका प्रश्नातले दोन प्रश्न

कंपनीत वार्षिक आरोग्य तपासणीचं पत्रक फिरलं की आजकाल एक प्रश्न निघतो. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, सोनोग्राफी हे सगळं ठीक, पण त्यापेक्षा सरळ सगळ्या अंगाचा एमआरआयच काढला तर? त्यात एक्स-रेसारखे किरण नसतात. आता तर म्हणे कॉन्ट्रास्टचं इंजेक्शनही घ्यावं लागत नाही. मग कॅन्सर लहान असतानाच पकडायला अडचण काय? प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या पोटात दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला तंत्राचा: इंजेक्शन न देता काढलेल्या चित्रात, सेंटरवरच्या भाषेत ‘प्लेन’ एमआरआयमध्ये, लहान गाठ दिसते का? दुसरा आरोग्याचा: दिसली तर त्या माणसाचं आयुष्य वाढतं का? पहिल्याचं उत्तर काही अवयवांपुरतं आता ठामपणे ‘हो’ असं देता येतं. दुसऱ्याचं उत्तर यंत्रात कोण झोपलंय यावर ठरतं. या प्रकरणात मला मांडायचं आहे ते एवढंच की इंजेक्शन वगळल्याचा खरा लाभ, शंका घ्यायला कारण असलेल्या माणसापर्यंत एमआरआय लवकर आणि स्वस्तात पोचण्यात आहे. धडधाकट माणसांची रांग यंत्रातून काढण्यात तो लाभ वाया जातो.

हा विचार ठाण्याच्या वागळे इस्टेटवर ताडून पाहण्यासारखा आहे. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे आपल्या एमआयडीसीची, स्थापना झाली. तिचा समारंभही याच वसाहतीत झाला. लेथ, प्रेस, छपाई, औषधं अशा कारखान्यांची ही वस्ती. पुढे कित्येक शेड पाडून तिथे आयटी पार्क उभे राहिले. त्यामुळे आज एकाच रस्त्यावर दोन तऱ्हेची माणसं कामाला येतात. एकाच्या खिशात ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असतं आणि दुखलंखुपलं की त्याला कामगार हॉस्पिटल गाठावं लागतं. दुसऱ्याला कंपनीच्या विम्यातून चकचकीत ‘पॅकेज’ मिळतं. प्लेन एमआरआयचा उपयोग कोणाला किती, हे या दोघांना शेजारी उभं केल्याशिवाय नीट कळत नाही. त्यासाठी आधी यंत्र समजून घेऊ.

२. यंत्र काय ऐकतं

माणसाच्या शरीराचा निम्म्याहून अधिक भाग पाणी आहे. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात आणि त्या प्रत्येकाच्या गाभ्यात एक प्रोटॉन असतो. हा प्रोटॉन म्हणजे एक अतिसूक्ष्म चुंबक. एमआरआयचं यंत्र हा मोठा पोकळ चुंबकच असतो. आपल्याकडच्या बहुतेक सेंटरवर तो १.५ टेस्लाचा असतो, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण ३०,००० पट. त्यात माणूस झोपला की त्याच्या अंगातले काही प्रोटॉन एका दिशेला वळतात. मग यंत्र सुमारे ६४ मेगाहर्ट्झची, म्हणजे आपल्या एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या खालची, एक रेडिओ लहर सोडतं. प्रोटॉन डळमळतात, लहर थांबली की पुन्हा जागेवर येतात आणि येता येता स्वतः एक क्षीण लहर सोडतात. यंत्र ती लहर टिपतं. कुठल्या जागेवरून किती लहर आली आणि ती किती वेळात विझली, यावरून संगणक चित्र तयार करतो.

ही विझण्याची वेळ महत्त्वाची. निरनिराळ्या ऊतींमध्ये पाणी वेगवेगळं बांधलेलं असतं, म्हणून तिथले प्रोटॉन वेगवेगळ्या वेळात सावरतात. फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये या लहरी टिपल्या, तेव्हा त्यात वैद्यकाचा विचारही नव्हता. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या रेमंड डमाडियन यांनी दाखवलं की उंदरांच्या गाठींमधले प्रोटॉन निरोगी ऊतींपेक्षा सावकाश सावरतात. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी या लहरींपासून चित्र काढण्याची युक्ती शोधली. पीटर मॅन्सफील्ड यांनी ती वेगवान केली आणि या दोघांना २००३ चं नोबेल मिळालं. म्हणजे कॅन्सर आणि एमआरआय यांचा संबंध पहिल्यांदा जुळला तेव्हा मध्ये इंजेक्शन नव्हतं. अडचण अशी निघाली की सूज, जंतुसंसर्ग, जुना व्रण यांतही प्रोटॉनची वेळ बदलते. नुसत्या वेळेवरून गाठ ओळखणं भरवशाचं ठरेना. इंजेक्शन आलं ते ही उणीव भरून काढायला.

३. इंजेक्शन कशासाठी देतात

कॉन्ट्रास्टमध्ये गॅडोलिनियम नावाचा धातू असतो. सुटा गॅडोलिनियम विषारी असल्यामुळे तो एका रासायनिक पिंजऱ्यात बंद करून देतात. पहिलं असं औषध १९८८ मध्ये बाजारात आलं. गॅडोलिनियम स्वतः चित्रात दिसत नाही. तो जिथे पोचतो तिथल्या पाण्याच्या प्रोटॉनना भराभर सावरायला लावतो आणि ती जागा उजळ दिसते. कॅन्सरची गाठ वाढताना स्वतःसाठी घाईघाईने नव्या रक्तवाहिन्या तयार करते. त्या कच्च्या आणि गळक्या असतात, म्हणून औषध गाठीत लवकर शिरतं आणि बाहेर झिरपतं. गाठ ओळखण्याची ही रीत अप्रत्यक्ष असली तरी बरीच परिणामकारक आहे.

मग ती सोडायची कशाला? इथे भीतीपोटी बोलणारे पुष्कळ भेटतात, म्हणून नेमकं काय घडलं ते सांगतो. मूत्रपिंड निकामी झालेल्या काही रुग्णांची कातडी आणि सांधे हे औषध घेतल्यावर दगडासारखे कडक होत गेले. या आजाराचा गॅडोलिनियमशी असलेला संबंध २००६ मध्ये उजेडात आला. २०१४ मध्ये जपानी डॉक्टरांनी दाखवलं की वारंवार इंजेक्शन घेतलेल्यांच्या मेंदूत गॅडोलिनियमचा अंश उरतो. २०१७ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने सैल पिंजऱ्याची बहुतेक औषधं शिरेतून द्यायला बंदी केली. आज वापरात असलेली घट्ट पिंजऱ्याची औषधं मात्र खूप सुरक्षित आहेत आणि मेंदूत उरलेल्या अंशामुळे अपाय झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. ज्याला डॉक्टरांनी कॉन्ट्रास्ट सांगितलंय त्याने घाबरून ते नाकारू नये.

इंजेक्शन टाळण्याचं अधिक बळकट कारण रोजच्या कामकाजात आहे. कॉन्ट्रास्टचा एमआरआय करायचा तर आधी अनेकांना मूत्रपिंडाचं काम कळावं म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन तपासून यावं लागतं. मग शिरेत सुई लावायची, ७० किलोच्या माणसाला औषधाच्या जातीप्रमाणे ७ ते १४ मिलिलिटर औषध द्यायचं, काही त्रास झाला तर सावरायला डॉक्टर जवळ हवा, आणि नंतर थोडा वेळ बसवून ठेवायचं. औषधाची किंमत बिलात वेगळी लागते. यंत्रावरचा वेळही वाढतो. मधुमेहाने मूत्रपिंडं थकलेला माणूस या सगळ्यात आधीच अडतो आणि असे रुग्ण आपल्याकडे थोडेथोडके नाहीत. यातली एक पायरी गळली तरी त्याच यंत्रावर दिवसाला जास्त माणसं होतात.

४. पाण्याची चाल

इंजेक्शनाची जागा घेणारी युक्ती पाण्यातच सापडली. पाण्याचे रेणू कधीच स्वस्थ नसतात. उष्णतेमुळे ते सतत इकडेतिकडे भटकतात. फ्रान्सच्या देनी ल बिआँ यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यावर ही भटकंती एमआरआयच्या चित्रात मोजून दाखवली. हिला डिफ्युजन म्हणतात आणि त्यावरून काढलेल्या चित्राला डिफ्युजन चित्र.

ठाणे स्टेशनच्या पुलावरून फलाटाचे दोन फोटो काढले, मध्ये अर्ध्या मिनिटाचं अंतर ठेवून, तर काय दिसेल? दुपारी दोनला फलाट मोकळा असतो. पहिल्या फोटोतली माणसं दुसऱ्या फोटोत कुठल्या कुठे गेलेली असतात. सकाळी नऊला त्याच फलाटावर माणूस जागचा हलू शकत नाही आणि दोन्ही फोटो जवळजवळ सारखे येतात. माणसांना मोजायची गरजच पडली नाही. ती किती हलली एवढ्यावरून गर्दी कळली. डिफ्युजन चित्र हेच करतं. कॅन्सरच्या गाठीत पेशी दाटीवाटीने वाढलेल्या असतात, मधल्या फटी अरुंद होतात आणि पाण्याला फिरायला जागा उरत नाही.

हे आकड्यात बसवून पाहू. शरीराच्या तापमानाला मोकळ्या पाण्याच्या भटकंतीचं माप सेकंदाला सुमारे ०.००३ चौरस मिलिमीटर आहे. यंत्र दोन नोंदींमध्ये साधारण सेकंदाचा विसावा भाग थांबतं. तेवढ्या वेळात मोकळा रेणू एका दिशेने सरासरी ०.०१७ मिलिमीटर सरकतो. आपल्या पुष्कळशा पेशी ०.०१ मिलिमीटरच्या आसपासच्या. म्हणजे रेणूला तेवढ्या अवधीत एका पेशीपेक्षा जास्त अंतर कापायचं असतं आणि वाटेत पेशीची भिंत लागतेच. एमआरआयच्या चित्रातला एक ठिपका एक-दोन मिलिमीटरचा असतो, त्यात पेशी काही दिसत नाही. तरीही पेशींची दाटी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात घडलेल्या या अडवणुकीतून मोजता येते. मला या तंत्रातली हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

पडद्यावर ते असं दिसतं. समजा प्रोस्टेट ग्रंथीचा आडवा काप समोर आहे, अक्रोडाएवढ्या ग्रंथीचा. नेहमीच्या चित्रात ग्रंथीची मागची कड पाण्याने भरलेली म्हणून पांढुरकी दिसते. त्या कडेत एका बाजूला आठ-दहा मिलिमीटरचा काळपट डाग आहे. डाग सुजेचाही असू शकतो. मग डिफ्युजनचं चित्र उघडायचं. तिथे तोच डाग दिव्यासारखा उजळला, कारण तिथलं पाणी हललेलं नाही. तेवढ्यावरही थांबायचं नाही. काही जागा मुळातच पाणीदार असल्यामुळे फसव्या उजळतात, म्हणून संगणक भटकंतीच्या मापाचा नकाशा वेगळा काढून देतो. त्या नकाशात निरोगी कडेचं माप ०.००१६ ते ०.००१८च्या घरात असतं आणि कॅन्सरच्या गाठीत बहुधा ०.००१च्या आसपास किंवा त्याखाली उतरतं, म्हणजे डाग गडद दिसतो. एका चित्रात उजळ आणि दुसऱ्यात गडद, दोन्ही एकाच जागी जुळलं, की शंका पक्की होते. हे माप कॅन्सरचं म्हणून खास नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. पू भरलेल्या गळवातही पाणी अडतं, निरोगी लसिकाग्रंथीतही अडतं. उलट चिकट स्राव भरलेल्या काही कॅन्सरच्या गाठींत ते बऱ्यापैकी मोकळं फिरतं आणि त्या निसटतात.

५. प्रोस्टेटने दिलेला पुरावा

तंत्र सुंदर आहे एवढ्यावर वैद्यकात काही ठरत नाही, आणि ठरू नये. प्रोस्टेटच्या बाबतीत पुरावा पायरीपायरीने जमत गेला. पूर्वी रक्तातलं पीएसए हे प्रोस्टेटचं प्रथिन वाढलं की सोनोग्राफीच्या आधाराने ग्रंथीत ठरलेल्या जागी दहा-बारा सुया खुपसून तुकडे काढत. गाठ सुयांच्या मध्ये राहिली तर चुकायची. ब्रिटनमध्ये ५७६ पुरुषांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रॉमिस अभ्यासात या रीतीने घातक कॅन्सरपैकी ४८ टक्केच सापडले. आधी एमआरआय केला तर ९३ टक्के सापडले. तो एमआरआय मात्र कॉन्ट्रास्टचा होता.

इंजेक्शन काढलं तर किती निसटेल, हे प्राइम नावाच्या अभ्यासाने तपासलं. त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. अभ्यासाची रचना समजून घेण्यासारखी आहे. १२ देशांतल्या २२ केंद्रांवर प्रत्येक पुरुषाचा पूर्ण, कॉन्ट्रास्टसहित एमआरआय काढला, पण वाचणाऱ्या डॉक्टरला आधी फक्त प्लेन चित्रं दिली. त्याने आपलं मत लिहून दिलं, मगच कॉन्ट्रास्टची चित्रं उघडली. म्हणजे एकाच माणसावर दोन्ही रीतींची तुलना झाली, माणसं वेगळी असल्याची सबब उरली नाही. ४९० पुरुषांमध्ये प्लेन चित्रांवरून घातक कॅन्सर सापडले १४३, कॉन्ट्रास्ट जोडल्यावर १४५. टक्केवारीत २९.२ आणि २९.६. वेळ मात्र अर्ध्या तासावरून पंधरा-वीस मिनिटांवर आला. दोन माणसांचा तो फरक कमी लेखायचा नाही. पण त्याच यंत्रावर दिवसभरात वाढणाऱ्या माणसांशी तो तोलून पाहिला तर पारडं कुठे झुकतं हे सांगायला नको.

प्रोस्टेटचं हे यश सगळ्या शरीराला लावता येत नाही. स्तनांच्या एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्ट अजून लागतंच. तिथल्या सुरुवातीच्या लहान गाठी डिफ्युजनमध्ये बऱ्याच वेळा हुकतात. मेंदूत पसरलेल्या बारीक गाठी, यकृतातल्या गाठींचा प्रकार, इथेही इंजेक्शनाला अजून तोड नाही. ‘बिनइंजेक्शनाचा एमआरआय सगळे कॅन्सर शोधतो’ असं जिथे म्हटलं जातं तिथे कुठल्या अवयवातला, असा प्रश्न लगेच विचारावा.

६. मग सगळ्यांचाच का काढू नये?

इथे यंत्र बाजूला ठेवून हिशेब करू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, तर्क मात्र कुठल्याही तपासणीला लागू पडतो. समजा एक चाचणी १०० पैकी ९० कॅन्सर पकडते आणि १०० निरोगी माणसांपैकी १० जणांवर चुकून बोट ठेवते. चांगलीच चाचणी म्हणायची. ती कुठलीही तक्रार नसलेल्या १००० माणसांवर वापरली. त्यांत छुपा कॅन्सर असलेले १० धरू, खरं तर हे उदारपणे धरलेलं आहे. त्यातले ९ सापडतील. उरलेल्या ९९० निरोगींपैकी ९९ जणांनाही ‘शंकास्पद’ असा रिपोर्ट येईल. म्हणजे १०८ जणांच्या हातात वाईट कागद आणि त्यातला खरा रोगी बारात एक. आता तीच चाचणी पीएसए वाढलेल्या १००० पुरुषांवर वापरली, ज्यांच्यात कॅन्सर असलेले ३०० आहेत. सापडतील २७०. निरोगी ७०० पैकी ७० चुकून अडकतील. ३४० शंकास्पद रिपोर्टमध्ये २७० खरे, पाचात चार. यंत्र तेच, डॉक्टर तोच. फरक पडला तो यंत्रात शिरण्यापूर्वी शंकेला आधार होता की नाही, याचा.

यावर येणारा आक्षेप मनापासूनचा असतो: ९९ जणांना थोडी चिंता झाली तरी चालेल, ९ जीव तर वाचले ना? दोन गोष्टी यात गृहीत धरल्या जातात. पहिली, त्या ९९ जणांना फक्त चिंता होते. प्रत्यक्षात पुन्हा स्कॅन होतात, सुया टोचल्या जातात, क्वचित अवयव काढला जातो, आणि विमा संपला तर घरचे पैसे जातात. दुसरी, सापडलेला प्रत्येक कॅन्सर जीव घेणारच होता. दक्षिण कोरियात नेमकं हेच तपासलं गेलं. तिथे १९९९ नंतर कॅन्सर तपासणीच्या मोहिमेबरोबर थोडे पैसे भरून गळ्याची सोनोग्राफी करून घेण्याची पद्धत पडली. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरच्या निदानाचं प्रमाण १९९३च्या १५ पट झालं. मृत्यूंचं प्रमाण होतं तिथेच राहिलं. हजारो लोकांच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली, त्यांना जन्मभर गोळी लागली, आणि जी गाठ त्यांना कधीच त्रास देणार नव्हती ती निघाली. सोनोग्राफीतही किरण नव्हते आणि इंजेक्शन नव्हतं. तपासणी निरुपद्रवी असली म्हणजे तिचा परिणामही निरुपद्रवी असतो, असं नाही.

अमेरिकेतल्या रेडिऑलॉजिस्टांच्या संस्थेने २०२३ मध्ये जाहीर केलं की लक्षणं, धोका किंवा घराण्यात इतिहास नसलेल्या माणसांना सर्वांगाचा एमआरआय सुचवण्याइतका पुरावा नाही. ज्यांचा व्यवसायच एमआरआय वाचण्याचा, त्यांनी हे म्हणावं याला मी वजन देतो. उलट बाजूचंही उदाहरण आहे. टीपी५३ या जनुकात जन्मतः दोष असलेल्या कुटुंबांत लहानपणापासून निरनिराळे कॅन्सर होतात. टोरँटोच्या डॉक्टरांनी अशा ८९ जणांच्या नोंदी २०१६ मध्ये प्रसिद्ध केल्या. सर्वांगाच्या एमआरआयसह नियमित देखरेख घेणाऱ्यांत पाच वर्षांनी हयात राहण्याचं प्रमाण ८८.८ टक्के होतं, न घेणाऱ्यांत ५९.६. संख्या लहान आहे आणि देखरेख घ्यायची की नाही हे ज्याने त्याने निवडलं होतं, म्हणून आकडा जसाच्या तसा घेऊ नये. तरी दिशा स्पष्ट आहे. अशा मुलांना किरण टाळायचे असतात, तपासणी वर्षानुवर्षं चालायची असते. तिथे दरवेळी सुई आणि धातू टळणं हा मोठा आधार आहे.

७. मुंबईत आणि धाराशिवमध्ये मोजलं गेलं ते

‘लवकर सापडला’ आणि ‘जीव वाचला’ यांत अंतर कसं पडतं? समजा एखादा कॅन्सर २०३० मध्ये जीव घेणार आहे. तो २०२८ मध्ये सापडला तर रुग्ण दोन वर्षं जगला असं लिहिलं जातं, २०२४ मध्ये सापडला तर सहा वर्षं. मृत्यूची तारीख एकच, वाढली ती फक्त रुग्ण म्हणवून घेण्याची वर्षं. हा भ्रम टाळायचा एकच खात्रीचा मार्ग आहे: लोकांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडायचे, एकाची तपासणी करायची, आणि बऱ्याच वर्षांनी दोन्ही गटांतले मृत्यू मोजायचे.

हे काम महाराष्ट्रात झालेलं आहे, जगाने दखल घ्यावी असं. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर असा अभ्यास केला. जेमतेम दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या बायकांनी दर दोन वर्षांनी गर्भाशयाच्या मुखाला सौम्य व्हिनेगर लावून डोळ्यांनी तपासलं आणि हाताने स्तन तपासले. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. स्तनांच्या कॅन्सरचे निकाल इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये मांडले आणि ते अधिक बोलके आहेत. तपासलेल्या गटात पुढच्या टप्प्यात सापडलेले कॅन्सर ३७ टक्के, दुसऱ्या गटात ४७. म्हणजे लवकर सापडत होते. तरी सगळ्या वयांत मिळून मृत्यूंतली घट १५ टक्के निघाली आणि ती योगायोगाची नाही असं ठामपणे म्हणता आलं नाही. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मात्र घट ३० टक्क्यांच्या जवळ आणि ठाम होती. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या मदतीने १,३१,००० हून अधिक स्त्रियांवर अभ्यास झाला. त्यात एचपीव्ही विषाणूची एकच चाचणी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणते असं २००९ मध्ये दिसलं. सर्वांगाच्या प्लेन एमआरआयची अशी परीक्षा अजून झालेली नाही. जी बाई व्हिनेगरचा बोळा घेऊन चाळीत फिरली तिच्या कामामागे जेवढा पुरावा आहे, तेवढा कोट्यवधींच्या यंत्रातल्या त्या पॅकेजमागे नाही.

८. वागळे इस्टेटच्या दोन माणसांचं काय

२०२५च्या नोव्हेंबरमध्ये लागू झालेल्या कामगार संहितांत चाळिशीपुढच्या कामगारांच्या वार्षिक मोफत तपासणीची तरतूद आहे. त्यामुळे त्या तपासणीत काय घालायचं हा प्रश्न आता प्रत्येक मालकापुढे येणार. भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कॅन्सर तोंडाचा आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी तंबाखू मळणारे हात कुठल्याही शेडमध्ये दिसतात. प्रेसवर उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या तोंडातला पांढरा चट्टा, तोंड उघडायला होणारा त्रास, न भरणारा व्रण बघायला टॉर्च आणि पाच मिनिटं लागतात. पस्तिशी ओलांडलेल्या कामगार स्त्रीला गर्भाशयमुखाची तपासणी आणि पन्नाशीपुढे स्तनांची तपासणी मिळावी. हे झाल्याशिवाय एमआरआयची भाषा करणं मला गैर वाटतं. आयटी पार्कमधल्या माणसालाही हेच लागू आहे. त्याच्याकडे पैसे आहेत म्हणून त्याच्या शरीरात चुकीच्या रिपोर्टचं प्रमाण कमी होत नाही.

यापुढे प्लेन एमआरआयची जागा येते आणि ती लहान नाही. साठीच्या पुरुषाचं पीएसए वाढलंय, क्रिएटिनिनही वाढलंय, म्हणून कॉन्ट्रास्टचा एमआरआय पुढे ढकलला जातोय, अशा वेळी पंधरा मिनिटांची प्लेन तपासणी त्याची अनेक महिन्यांची घालमेल संपवू शकते. सुईविना, कमी वेळात, कमी खर्चात होणारी ही तपासणी सरकारी आणि कामगार रुग्णालयांच्या ऐपतीत बसू शकते. आपल्याकडची जवळपास सगळी यंत्रं परदेशी आहेत. मुंबईची ‘समीर’ ही सरकारी संशोधन संस्था इतर संस्थांबरोबर १.५ टेस्लाचं देशी यंत्र बनवते आहे. त्याच्या चाचण्यांसाठी २०२५ मध्ये दिल्लीच्या एम्सशी करार झाला. असं यंत्र आलं की त्याचं मोल ठरवताना डिफ्युजनचं चित्र कितपत स्वच्छ येतं हे सर्वांत आधी पाहायला हवं.

कारण इंजेक्शन वगळलं की सगळा भार त्या एका चित्रावर येतो. कॉन्ट्रास्ट असताना डिफ्युजनमध्ये संशय अर्धवट राहिला तर औषध कसं झिरपलं यावरून निवाडा करता येतो. प्लेनमध्ये ती दुसरी साक्ष नाही. डिफ्युजनचं चित्र नाजूक असतं. गुदाशयात वायू साठला तरी शेजारच्या प्रोस्टेटचं चित्र वाकडं होतं, कमरेत धातूचा सांधा बसवलेला असला तर पुसलं जातं, जुन्या यंत्राची ताकद कमी पडली तर नुसतं धुरकट येतं. प्राइम अभ्यासातल्या केंद्रांनी आपल्या चित्रांची प्रत आधी तपासून घेतली होती, म्हणून तिथला निकाल कुठल्याही सेंटरला आपोआप लागू होत नाही. प्रोस्टेटच्या चित्रांना गुण देण्याची एक पद्धत २०२० पासून आहे आणि तिची नवी आवृत्ती प्लेन चित्रांनाही लागू पडते. रिपोर्टमध्ये गाठीच्या गुणांबरोबर चित्राचेही गुण लिहिण्याचा आग्रह रुग्णाने आणि पाठवणाऱ्या डॉक्टरने धरावा. तपासणीआधी शौचाला जाऊन यायला सांगितलं तर ते मनावर घ्यावं. आणि चित्र धड आलेलं नाही असं रिपोर्टमध्ये असेल, तर ‘काही आढळलं नाही’ हे शब्द वाचून घरी न जाता तपासणी पुन्हा करून मागावी, गरज पडली तर इंजेक्शन घेऊन.